तिसरा डावा पाय

ताई,

तुझ्या टेबलाशी बसलोय, आणि तेही तुझ्याच खुर्चीत. तू असतीस तर एव्हाना स्वयंपाकघरातून ओरडली असतीस, "ऊठ तिथून, चहाचे हात लावशील कशाला तरी." तेरावा होऊन चार दिवस झाले. नंदुरबारची आत्या काल सकाळच्या गाडीने गेली. जाताना तुझं कपाट उघडून बघत होती, ते मी बंद करायला लावलं. तिला राग आला असेल. येऊ दे. तू लग्न केलं नाहीस, माझं टिकलं नाही, म्हणून सुरतला, डिंडोलीच्या या दोन खोल्यांत आपण भावंडं वर्षानुवर्षं एकमेकांचं डोकं खात राहिलो. आता डोकं खायला कुणी नाही, तर ते रिकामंच दुखतं.

समोर तुझा मायक्रोस्कोप आहे. शाळेने जुना झाला म्हणून काढून टाकलेला आणि तू रिक्षात मांडीवर घेऊन आणलेला. शेजारी बोटाएवढी काचेची बाटली, तिच्यात स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये तुझा समुद्रकोळी. मी त्याचं चित्र काढायला बसलोय. तू सांगितलं होतंस तेव्हा बसलो नाही, आता बसलोय. माझं सगळं असंच असतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तू तो आणलास ती सकाळ मला अजून स्वच्छ दिसते. थंडी संपत आली होती. मराठी शाळेत आठवडाभर पोरांना विज्ञान शिकवायचं आणि रविवारी ओहोटी बघून डुमसच्या पलीकडे चिखल तुडवायला जायचं, हा तुझा नेम. त्या दिवशी पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ घेऊन आलीस. माछी लोक जाळी बांधायला खाडीत खुंट ठोकतात, त्यातल्या एकाचा सडका दोर तू कापून आणला होतास. दोरावर पिसासारखं काहीतरी उगवलेलं होतं. मी म्हटलं, शेवाळ आहे. तू म्हणालीस, शेवाळ नाही, हायड्रॉइड आहे, हा प्राणी आहे, एका जागी रुजलेला. मग ते पीस बशीत ठेवून वर समुद्राचं पाणी ओतलंस आणि मला हाक मारलीस, "भाऊ, आठे ये. हाई दख."

मला काही दिसेना. बशीत धाग्याचा गुंता पडला होता. आप्पा कामाला होते त्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, जमिनीवर पायाशी पडलेला असायचा तसा, कुणीही झाडून टाकावा असा. मी तसं म्हणणार तेवढ्यात गुंत्याने एक पाय उचलला. उचलला आणि तसाच धरून ठेवला, कुठे टेकवावा ते ठरत नसल्यासारखा. मग फार सावकाश टेकवला. मग दुसरा. खिडकीतून ऊन बशीत पडलं होतं, पाणी जरासं हलत होतं, आणि तो त्या पिसावरून इतका हळू चालला होता की आपला दोघांचा चहा गार झाला तरी त्याची एक फांदी पार झाली नव्हती. मला आठवतंय, घराबाहेर भंगारवाला ओरडत होता आणि मला तो आवाज फार लांबून, पाण्याच्या वरून आल्यासारखा वाटला होता.

तू सांगत बसलीस. नावात कोळी आहे, पण हा भिंतीवरचा कोळी नव्हे, फार लांबचं नातं. डोक्यावर एक बारीक उंचवटा आणि त्यावर चार डोळे, चारी दिशांना. तोंडाच्या जागी सोंड, ती हायड्रॉइडमध्ये खुपसून आतला रस ओढायचा. याच्या कुळाचं लॅटिन नाव तुला लागलं होतं, ॲनॉप्लोडॅक्टिलस, पण जात कुठली ते तू शेवटपर्यंत ठरवू शकली नाहीस. "पुस्तकातला फोटो आन् हाऊ, जरासा फरक से," असं म्हणून दर वेळी पुस्तक मिटायचीस. मी विचारलं, याचं अंग कुठेय? तर तू खो खो हसलीस. अंग जवळजवळ नाहीच, म्हणालीस. पोट मावायला जागा नाही म्हणून आतडी पायांत शिरलेली. पाठीमागचा भाग इवल्याशा खुंटीएवढा. फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, सगळ्या कातडीने श्वास घेतो. मादीची अंडी तर तिच्या मांड्यांत वाढतात.

"म्हणजे हा नुसता पायांचाच झालेला आहे," मी म्हणालो.

"तू नुसता तोंडाचाच झालायस तसा," तू म्हणालीस.

मग तू ती गोष्ट सांगितलीस, जी नंतर तुझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराने ऐकली असेल. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर ती गोळा करतो. त्याला चालायच्या आठ पायांखेरीज पुढे, अंगाखाली, दोन बारीक जास्तीचे पाय असतात. या कुळात ते फक्त नरालाच. त्याच्या मांडीतून एक चिकट डिंक सुटतो, त्याने अंड्यांचे गोळे करून तो त्या दोन पायांवर माळतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तसाच हिंडतो. पिल्लं निघतात तेव्हा त्यांना सहाच पाय असतात. ती बापाला सोडून हायड्रॉइडच्या आत शिरतात आणि त्याच्या पोटात राहून मोठी होतात. बशीतल्या आपल्या या गृहस्थाच्या अंगाखाली पांढुरके गोळे होते. तू ते सुईच्या टोकाने दाखवलेस आणि सुई तशीच त्यांच्यावर धरून ठेवलीस.

मला कळलं होतं तू कुणाचा विचार करतेस ते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तू नऊची. आत्या म्हणाली, पोरं गावाला ठेवू. आप्पा म्हणाले, "पोरे मन्हा संगे येतीन." आणि खरंच, पाळी कुठलीही असो, एक पोर काखेला, एक बोटाला धरून ते खात्यात जायचे. सुताच्या पोत्यांवर आपली झोप. आपण दोघं बहिरे झालो नाही हे नशीब. त्या दिवशी बशीवर वाकून तू म्हणालीस, "आपले आप्पा." बस, एवढंच. मी उठून चहा गरम करायला गेलो, कारण माझे डोळे भरले होते आणि तुझ्यासमोर रडलो की तू महिनाभर चिडवायचीस.

तुला पोरांसाठी एक छोटं पुस्तक करायचं होतं, सुरतच्या किनाऱ्यावरच्या जीवांचं, मराठीत. मजकूर तुझा, चित्रं माझी. मी मार्केटात साड्यांची डिझाइनं काढणारा माणूस, मला काय अवघड. खेकडा काढला, गाळात उड्या मारणारा मासा काढला, शंख काढले, तू सगळ्यांवर मान डोलावलीस. समुद्रकोळ्याची पाळी आली आणि तिथे माझी बोंब झाली.

चूक कशी झाली ते तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायचीय. आमच्या धंद्यात कुणी पूर्ण बुट्टा काढत नाही. पहिल्या दिवशीच शेठ सांगतो, "अडधुं दोर ने भाई, बाकीनुं एनी मेळे थई जशे." अर्धं काढा, बाकीचं आपोआप होतं. बटर पेपरवर उजवी बाजू काढायची, कागद मधोमध दुमडायचा, पाठीवरून नख घासायचं, उघडलं की डावी बाजू तयार. आता कॉम्प्युटरवर तर एका बटणात. पंचवीस वर्षं मी अर्धा मोर, अर्धा आंबा, अर्धी कमळं काढत आलो. हाताला तीच सवय. तेव्हा तुझ्या मायक्रोस्कोपमधून मी समुद्रकोळ्याची उजवी बाजू नीट बघून काढली, खरंच जीव लावून काढली, पायाचं एकेक पेर मोजून. आणि कागद दुमडला.

चित्र देखणं झालं होतं, ताई. मी अजूनही म्हणतो. तू चष्मा कपाळावर चढवून बघितलंस, मग मायक्रोस्कोपमधून, मग पुन्हा चित्राकडे.

"डाव्या बाजूले तू दखेल से का?"

मी म्हटलं, तीच की, उलटी.

"हाऊ तिसरा पाय धाकला से. तुले दिखत नही का?"

मी डोळा लावला. तिसरा डावा पाय खरंच आखूड होता, बाकीच्यांच्या निम्मा, आणि बारीक. तू म्हणालीस, लहानपणी कधीतरी तुटला असेल, कशात तरी अडकून. यांना तुटलेला पाय परत फुटतो, कात टाकता टाकता वाढतो, पण याचा बरोबरीला आला नाही. आणि अंडी! उजव्या पायावर दोन गोळे, डाव्यावर एकच. माझ्या चित्रात दोन्हीकडे दोन. "याला फुकटची पोरं चिकटवलीस," तू म्हणालीस आणि हसता हसता एकदम चिडलीस. "जसं से तसं काढ ना, भाऊ."

मी काय उत्तर दिलं? म्हटलं, पुस्तक पोरांचं आहे, त्यांना लंगडा प्राणी कशाला दाखवायचा. म्हटलं, सगळ्या समुद्रकोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच असतात, हा एक बिघडलेला असेल, मी बरोबर करून दिला. 'बरोबर करून दिला' हे ऐकल्यावर तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. पुस्तक त्या एका पानासाठी अडून राहिलं. तुझा हट्ट, माझा हट्ट. दरम्यान ते चित्र मी मार्केटात चालवून टाकलं. शेठला वाटलं नवीन तऱ्हेचं फूल आहे. जॉर्जेटवर छापलं आणि साडी धावली, धडाधड खपली. मग गोडादऱ्याच्या बाजारात तुला ती बाई दिसली, आठवतं? तू मला कोपर मारलंस. तिच्या अंगावर शंभरेक समुद्रकोळी चालले होते, एकूण एक धडधाकट, भाजी घेत. तू हसून हसून फुटपाथवरच बसलीस. नंतर रिक्षात डोळे पुसत म्हणालीस, "सगळा सारखाच. एक भी खरा नही." त्या वेळी मला ते कौतुकच वाटलं होतं.

परवा दुपारी या खुर्चीत डोळा लागला. तुझा हिरवा पडदा ओढलेला होता, खोलीत पाण्यासारखा उजेड. मला दिसलं की तू समुद्राच्या तळाशी चालतेस, शाळेला जायची तीच बदामी साडी, खांद्याला पर्स. फार हळू चालत होतीस, एक पाय उचलायचा आणि कुठे ठेवावा याचा विचार करत धरून ठेवायचा. वरून लूमचा आवाज येत होता, बारीक, मऊ. तुझ्या अंगाखांद्यावर पांढरे गोळे होते आणि ती तुझ्या शाळेची पोरं होती असं मला का कोण जाणे ठाऊक होतं. मी हाक मारली. तू वळलीस, पण अर्धीच. एकच बाजू दिसली. मी म्हटलं, दुसरी बाजू मला माहीत आहे, राहू दे. आणि तू पुढे गेलीस. जागा झालो तेव्हा उशी नव्हती, टेबलाची कड गालावर उमटली होती.

स्वप्नाचा अर्थ लावायला मला आत्याची गरज नाही. गेल्या पावसाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं तेव्हापासून मी हेच केलं. तू वाळत गेलीस, मी म्हटलं, छान बारीक झालीस. तुला जेवण जाईना, मी म्हटलं, दवाखान्याचं जेवण कुणाला जातं? तुझ्या आजाराचा जो भाग दिसत होता तो मी पाहिलाच नाही. तब्येत चांगली होती तेव्हाची तू मला पाठ होतीस, तीच दुमडून या बाजूला उमटवत बसलो. दिवाळीत आपण डुमसला जाऊ. फेब्रुवारीत मोठी ओहोटी आहे, तेव्हा जाऊ. तू माझ्याकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, धीर येतोय तुला.

एकदा दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तपासणीला नेलं होतं. तू माझं मनगट धरलंस. तुझी बोटं इतकी हलकी झाली होती की धरलंय हेच कळेना.

"भाऊ, बैस. माले तुले काही सांगनं से."

मी म्हटलं, आधी नारळपाणी घे.

"डाक्टर काय बोलना, खरं सांग."

"काही नाही, म्हणाले सुधारणा आहे. पंधरा दिवसांत घरी."

तू माझ्याकडे बघितलंस. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघायचीस तसं, न रागावता. मग मनगट सोडलंस आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "ते चित्र तरी करी ठेव." मी म्हटलं, तू घरी आलीस की तुझ्यासमोर बसून करतो. आणि नारळपाणी आणायला गेलो. दोन नारळ फोडून घेतले, एक जास्तीचा, म्हणजे परत यायला वेळ लागावा. आलो तेव्हा तू झोपली होतीस, किंवा झोपल्यासारखी पडली होतीस. त्यानंतर तू पुन्हा विषय काढला नाहीस. नऊ दिवसांनी गेलीस.

मी तुझ्यावर चिडलोही आहे, हे लिहून ठेवतो. तू एवढी हट्टी, चित्रातल्या एका पायासाठी दोन दोन दिवस अबोला धरणारी, मग त्या दिवशी का सोडून दिलंस? खांद्याला धरून हलवायचं होतंस मला. ओरडायचं होतंस. सगळ्या वॉर्डासमोर थोबाडीत मारली असतीस तरी चाललं असतं. लहानपणी मारायचीसच की. मला सांभाळून घ्यायची तुझी सवय मरतानासुद्धा सुटली नाही, आणि मी ती सवय वापरून घेतली. तुला काय सांगायचं होतं? पुस्तकाचं काही होतं? कुणाला काही द्यायचं होतं? की फक्त भीती वाटतेय एवढंच म्हणायचं होतं, आणि ते ऐकायला घरात मी सोडून कुणीच नव्हतं? मी तुझे सगळे कागद चाळले. खेकड्यांच्या नोंदी आहेत, भरती-ओहोटीच्या वेळा आहेत, पोरांची नावं आहेत. ते नाही.

आज सकाळी मी बाटली उघडली. त्याला काचेवर घेतलं, तू शिकवलं होतंस तसं, ब्रशच्या टोकाने, पाय न मोडता. कागद जाड घेतला, दुमडायला जमू नये असा. आणि या वेळी डावीकडून सुरुवात केली. ताई, किती वेगळा आहे गं हा! डावीकडचा दुसरा पायसुद्धा उजव्यासारखा नाही, त्याचं शेवटचं पेर जरासं वाकडं आहे, हे तूही मला कधी सांगितलं नव्हतंस. आखूड पाय नीट पाहिला. त्याची पेरं मोजली, सगळी आहेत. फक्त लहान. तो ओढत नसणार हा पाय, त्याच्यावरसुद्धा टेकून चालत असणार, बाकीचे सात त्याच्या बेताने पडत असणार. डाव्या बाजूचा तो एकच अंड्यांचा गोळा काढताना हात जास्त दाबला गेला आणि रेघ जाड झाली. खोडली नाही. चार तास लागले. पाठ भरून आली, डोळे चुरचुरतायत, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट अख्खी काढली. हे तुझ्यामुळे झालं. एवढी चांगली बहीण मला मिळाली, आणि मी तुला तोंडावर एकदाही तसं म्हटलं नाही.

चित्र तुझ्या शाळेत नेऊन देईन. पुस्तक ते लोक करतील, नाहीतर मी करीन. ते होईल गं, त्याची काळजी नाही. माझ्या पोटात आहे ते वेगळंच, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी तू विचारलंस, त्याच्या आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मला जिन्यापाशी थांबवून सांगितलं होतं. काही करण्यासारखं उरलं नाही म्हणाले. किती दिवस तेही म्हणाले. ताईला तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील, असं म्हणाले. मी मान हलवली, खाली जाऊन तोंड धुतलं आणि वर येऊन तुला सांगितलं, सुधारणा आहे.

ताई, तू मरणार आहेस हे मला माहीत होतं. बोल आता. या वेळी मी उठत नाही.